सिंगापूरला थांबायचं, पण कशासाठी?

पत्राचा सारांश: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्या कुटुंबासह मेलबर्नला धाकट्या भावाकडे निघाल्या आहेत, भाऊबीज तिथेच करायची आहे. सोबत यजमान, ८ वर्षांचा मुलगा, ३ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या ६८ वर्षांच्या सासूबाई. अहमदाबादहून रात्री अकराच्या सुमारास विमान सुटतं आणि सकाळी सव्वासातला सिंगापूरला पोचतं. पुढे तीन पर्याय आहेत: अडीच तासांनी लगेच मेलबर्नचं विमान, दिवसभर म्हणजे १३ तास थांबून रात्रीचं विमान, किंवा दोन रात्री मुक्काम करून तिसऱ्या दिवशी सकाळी निघणं. यजमानांना मधला पर्याय पसंत आहे. हॉटेलचा खर्च नाही आणि सिंगापूर फुकटात बघून होतं, असं त्यांचं म्हणणं. मरलायनचा पुतळा, युनिव्हर्सल स्टुडिओज, गार्डन्स बाय द बे आणि लिटल इंडिया अशी यादीही तयार आहे. सासूबाई म्हणतात, पोरांना काही आठवणार नाही, सरळ चला. ताईंचा प्रश्न असा: ‘मला थांबावंसं वाटतं. पण दोघांना कसं पटवू? आणि एवढ्याशा वेळात मुलांना काय काय दाखवू?’

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी सध्या बाजूला ठेवते. काय काय दाखवू, याचं उत्तर यादीत नाही, घड्याळात आहे. तेव्हा आधी तास मोजू.

अकराच्या विमानासाठी आठ वाजता अहमदाबाद विमानतळावर असायला हवं, म्हणजे बडोद्याचं घर साडेपाचला सोडायचं. विमान उडाल्यावर जेवण येतं, दिवे मालवेपर्यंत साडेबारा वाजतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले सव्वासात म्हणजे आपले पहाटेचे पावणेपाच, आणि उतरण्याच्या तयारीसाठी मुलांना त्याच्याही अर्धा तास आधी उठवलं जातं. थोडक्यात, मुलांना झोप मिळते फार तर पावणेचार तास, तीही बसल्या जागी.

आता यजमानांचा मधला पर्याय या हिशेबात बसवून बघा. पावणेचार तासांच्या झोपेवर १३ तास दमट उन्हात फिरणं, मग रात्री पुन्हा साडेसात तासांचं विमान. मेलबर्नला उतराल तेव्हा तिथे सकाळचे पावणेसात वाजलेले असतील आणि तुमच्या अंगातल्या घड्याळात रात्रीचा सव्वा. घर सोडून जवळजवळ ३२ तास झालेले, आणि दोन रात्री कुणाचीही पाठ गादीला लागलेली नाही. पैसे वाचतात हे खरं, पण वाचलेला पैसा मेलबर्नमधल्या पहिल्या तीन दिवसांत फेडला जातो: चिडचिड, भूक मेलेली, आणि पहाटे तीनला टक्क जागी झालेली मुलगी. भाऊबीज त्यातच आली तर ओवाळणीच्या वेळी घरातलं निम्मं माणूस पेंगत असेल.

त्यामुळे तिन्ही पर्यायांत मुलांसाठी सगळ्यात वाईट हाच, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सासूबाईंचं म्हणणं तुम्हाला वाटतं तितकं चुकीचं नाही. अडीच तासांत पुढचं विमान घेतलं, तर पावणेदहाला निघून मेलबर्नला त्यांच्या रात्री सव्वाआठला पोचाल. एकूण साधारण २१ तास. मुलं दमलेली असतील, पण थेट मामाच्या घरी गादीवर झोपतील. दोन रात्रींच्या मुक्कामाला पैसे नसतील, तर हाच पर्याय घ्या आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

सासूबाईंचं कारण मात्र मला पटत नाही. तीन वर्षांच्या मुलीला सिंगापूर आठवणार नाही, हे खरं आहे. पण थांबा आठवणींसाठी नसतोच. नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला उन्हाळी वेळ चालू असते आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. सिंगापूर अडीच तास पुढे, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वाटेवर. शरीर ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना त्याला जास्त जड जातं, कारण रोजच्यापेक्षा लवकर झोपावं लागतं. दोन रात्री अर्ध्या वाटेवर काढल्या की उरलेला पल्ला तीन तासांचा राहतो. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही सलग बसण्यातून सुटका मिळते. त्यांना पटवायचं तर हे सांगा, सिंगापूरच्या सौंदर्याबद्दल बोलू नका. यजमानांपुढे वर मांडलेले तास कागदावर लिहून ठेवा.

परत येताना थांबावं का, असंही तुमच्या मनात आलं असेल. माझं मत नाही असं आहे. पश्चिमेकडे येताना शरीराला त्रास कमी होतो, सगळ्यांना घराची ओढ असते, आणि गुजरातेतली शाळेची २१ दिवसांची सुट्टी संपत आलेली असते. येताना सरळ या.

तर दोन रात्रींचा मुक्काम. पण तिकीट काढण्याआधी कागद बघा, कारण सगळं तिथेच अडतं. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांचा वैध व्हिसा असेल आणि पुढचं पक्कं तिकीट असेल, तर येता-जाता ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळण्याची सोय आहे. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा सिंगापूरला उतरण्याच्या दिवसापासून किमान महिनाभर वैध असावा लागतो. ही अट प्रत्येकाला वेगळी लागू होते. एका मुलीच्या व्हिसाची तारीख कमी पडली, तर अख्खं कुटुंब अडकतं. पाचही व्हिसांच्या तारखा आजच तपासा, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे ना तेही बघा. शेवटचा निर्णय तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो आणि नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी सिंगापूर इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या. मनात धाकधूक असेल तर सरळ व्हिसा काढा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, त्यामुळे मंजुरीपत्राच्या छापील प्रती हाताशी ठेवा. अहमदाबादच्या काउंटरवर पहिला प्रश्न त्याचाच येतो. याशिवाय सिंगापूरचं अरायव्हल कार्ड उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, पाच जणांची पाच. ते मोफत आहे. पैसे मागणारी पानं दिसली तर ती सरकारी नाहीत.

तिकीट एकाच बुकिंगमध्ये, ‘मल्टी-सिटी’ निवडून काढा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. सिंगापूर-मेलबर्नचं विमान सकाळचं घ्या. मुलं साडेसात तास जागी राहतील म्हणून आई-वडील ते टाळतात, पण जागं मूल सांभाळणं परवडतं. अर्धवट झोपलेल्या मुलाला पहाटे इमिग्रेशनच्या रांगेत कडेवर घेऊन उभं राहणं परवडत नाही.

जेवणाची नोंद किमान २४ तास आधी करा. इथे एक गोष्ट हमखास चुकते: ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात मांस असतं. शाकाहारी असाल तर ‘इंडियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘एशियन व्हेजिटेरियन’ असं लिहिलेलं निवडा. लहान मुलांचं ठरावीक जेवणही बहुधा मांसाहारीच असतं. सासूबाईंसाठी व्हीलचेअरही तेव्हाच मागा. त्या चालू शकतात हे खरं, पण लांबलचक विमानतळावर पहिल्याच तासात त्यांचे गुडघे संपले, तर पुढचे दोन दिवस कुणीतरी त्यांच्यासोबत खोलीतच बसेल.

आता सामान. २४ तासांपेक्षा जास्त थांबा असला की बॅगा सहसा सिंगापूरलाच हातात येतात. टॅगवर शेवटचं शहर कोणतं लिहिलंय, हे काउंटर सोडण्यापूर्वी वाचा. सगळ्यांच्या मिळून दोन दिवसांच्या कपड्यांची एकच छोटी बॅग वेगळी भरा आणि बाकीच्या मोठ्या बॅगा चांगी विमानतळाच्या सामानघरात ठेवून द्या. पैसे पडतात, पण पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत. साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात, तुम्हाला सहा जणांची मोठी टॅक्सी लागेल. ती विमानतळाच्या रांगेतच मागता येते. मुलांसोबत टॅक्सी आणि ग्रॅब (मोबाइल ॲपवरून मागवायची गाडी) यांतला फरकही माहीत हवा. तिथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत खास आसन सक्तीचं आहे. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, ग्रॅबसारख्या खासगी गाड्यांना नाही. तुमचा आठ वर्षांचा मुलगाही बहुतेक या नियमात येईल. तेव्हा टॅक्सी घ्या, नाहीतर मुलांच्या आसनाची गाडी आधी मागवा.

आता खरी अडचण. तुम्ही विमानतळाबाहेर याल साडेआठला, आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मुलांबरोबरचे बहुतेक थांबे या सहा तासांत फसतात. खोली नाही म्हणून लोक फिरायला निघतात, अकरापर्यंत लहानगी रस्त्यात आडवी होते आणि मग दिवसभर सगळे तिच्या तंत्राने चालतात. यावर उपाय तीनच आहेत. आदल्या रात्रीपासून खोली घ्यायची, जे महाग आहे पण हमखास आहे. लवकर खोली देण्याचं हॉटेलकडून लेखी घ्यायचं. तोंडी ‘बघू’वर विसंबू नका. किंवा विमानतळावर तासांच्या हिशेबाने मिळणारी खोली चार-सहा तास घ्यायची. तुमच्या कुटुंबासाठी मी तिसरा उपाय निवडेन. नऊला अंघोळ आणि झोप, साडेअकरा-बाराला सगळ्यांना उठवायचं. पडदे उघडा, उठवाच. दोन वाजेपर्यंत झोपू दिलं तर रात्री बारापर्यंत खेळत बसतील. यजमानांनी मधल्याच पर्यायाचा हट्ट धरला, तरी ही खोली तेवढी घ्यायला लावा. मग यादीतलं एखादंच ठिकाण होईल, पण मुलं रात्रीच्या विमानात माणसांत असतील.

जेवण करून विमानतळाच्या शेजारचं ज्वेल हे दुकानांचं संकुल बघून घ्या. तिथला ४० मीटर उंचीचा धबधबा इमारतीच्या आत पडतो, वर छप्पर आहे, त्यामुळे ऊन-पावसाचा प्रश्न नाही. ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणजे अडीच तासांच्या थांब्यात ते बघायला निघू नका. मग हॉटेल, थोडा आराम, आणि संध्याकाळी पाचला गार्डन्स बाय द बे.

पहिल्या दिवशी हे एकच ठिकाण. ते संध्याकाळचं का, तर तिथल्या उंच लोखंडी झाडांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठला असतो, आणि ती आपली सव्वापाचची वेळ. मुलं तेव्हा ताजी असतात. झाडांखाली बसून बघायला तिकीट नाही. त्याआधी लहान मुलांच्या बागेत पाण्याचे फवारे आहेत. ती आठवड्यातून एक दिवस बंद असते, आधी बघून ठेवा आणि कपड्यांचा एक जोड जवळ ठेवा. सासूबाईंसाठी बागेत तिकीट काढून बसायची छोटी गाडी मिळते. नोव्हेंबरात दुपारनंतर विजांचा पाऊस नेहमीचाच. तसं झालं तर काचेच्या घरांपैकी ‘क्लाउड फॉरेस्ट’चं तिकीट काढा. आत थंड असतं, लहानगीला हलकं जॅकेट लागेल. दिव्यांचा दुसरा खेळ पावणेनऊला असतो, त्याच्या मोहात पडू नका. दहापर्यंत मुलं अंथरुणात हवीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक, आणि मध्ये खोलीत दीड-दोन तास. आपल्या कमाटीबागेत रेल्वे, प्राणिसंग्रहालय आणि म्युझियम तिन्ही एकाच दुपारी करायला निघालात, तर मुलं दुसऱ्याच ठिकाणी ‘उचल’ म्हणतात. परक्या शहरात वेगळं काही होत नाही. सकाळचं ठिकाण मुलाला निवडू द्या, पण दोनच पर्यायांतून. त्यांत प्राणिसंग्रहालय जरूर असावं. ते मंदाईला आहे, शहरातून जायला पाऊण-एक तास धरा, उघडताच आत शिरा आणि एकपर्यंत बाहेर पडा. आत फिरणारी गाडी आहे, म्हणजे सासूबाईंनाही जमेल. युनिव्हर्सल मात्र यादीतून काढा असंच मी सांगेन. त्याला अख्खा दिवस लागतो. मोठ्या खेळांना उंचीची अट असते. त्यांतल्या बऱ्याच खेळांत तीन वर्षांची मुलगी बसू शकणार नाही, काहींत कदाचित मुलगाही नाही. म्हणजे एक पालक मुलासोबत रांगेत, दुसरा मुलीसोबत बाकावर, आणि सासूबाई उन्हात. मरलायन हवाच असेल, तर बागेत जाताना टॅक्सी जरा वळवून पाच मिनिटं उतरा, फोटो काढा, संपलं.

संध्याकाळ लिटल इंडियात घालवा, आणि ती सासूबाईंची संध्याकाळ ठरवा. दिवाळीला सिंगापूरमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि त्याआधी काही आठवडे सेरांगून रोडवर रोषणाई केलेली असते. शाकाहारी जेवणाची तिथे ददात नाही. १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास त्याच रस्त्यावर आहे. दहीभात मिळाला की लहानगीचं काम झालं. हॉटेलही याच भागात मेट्रो स्टेशनजवळ बघा. खोल्या लहान असतात, तुम्हाला दोन लागतील. त्या शेजारी-शेजारी किंवा आतून जोडलेल्या हव्यात, हे बुकिंगच्या वेळीच लिहून मागा. चार्जरसाठी तीन चौकोनी पायांचा अडॅप्टर इथूनच न्या.

मेट्रोबद्दल दोन गोष्टी. आत खाणं-पिणं मना आहे, पाणीसुद्धा, आणि दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो. भाकरवडीचा डबा स्टेशनात शिरण्यापूर्वीच बॅगेत गेला पाहिजे. दुसरं, ०.९ मीटरपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. पण तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटिमीटर असतं, तेव्हा लहान म्हणून तशीच आत नेऊ नका, स्टेशनच्या काउंटरवर विचारा. स्टेशनांत लिफ्ट असते, बाबागाडी चालते. घडीची बाबागाडी न्याच. चेक-इनच्या वेळी ती सिंगापूरला विमानाच्या दाराशी परत मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे विचारून घ्या.

विमानात मुलांना झोपवायला सर्दीचं किंवा उलटीचं औषध द्यावं का, असं खूप आया विचारतात. तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते: स्वतःच्या मनाने देऊ नका. काही मुलं त्याने गुंगण्याऐवजी उलट बेफाम होतात, आणि ते विमानात कळून उपयोग नसतो. मुलीला गाडी लागत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवूनच औषध न्या, चिठ्ठीसकट. उतरताना कान दुखतात ते हवेचा दाब बदलल्यामुळे. विमान खाली यायला लागलं की दोघांना जागं करून घोट-घोट पाणी प्यायला द्या. च्युइंगगम मात्र नेऊ नका, सिंगापूरमध्ये ते आणायला बंदी आहे. मशेरी, तपकीर, खायचा तंबाखू, घरात कुणाला सवय असेल तर त्यावरही आहे.

मेलबर्नला निघताना चांगीला एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे बहुतेक टर्मिनलांत सुरक्षा तपासणी गेटच्या तोंडाशी होते. आधी भरलेली पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते, आणि आतल्या बसायच्या जागेत बरेचदा स्वच्छतागृह नसतं. मुलांना आणि सासूबाईंना आधी जाऊन येऊ द्या, मगच आत शिरा.

राहिला फराळ. तो तुम्ही नेणारच. खसखस सिंगापूरमध्ये निषिद्ध पदार्थांत मोडते, म्हणून अनारसे घरीच ठेवा आणि करंजीच्या सारणात या वर्षी खसखशीऐवजी भाजलेले तीळ घाला. मेलबर्नच्या प्रवेशपत्रावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला ‘हो’ लिहा आणि डबे वरच ठेवा, उघडून दाखवायला सोपे पडतात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्याला मोठा दंड असतो. चकली, शेव, शंकरपाळे यांची विचारपूस होईल. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नेऊ नका, दुधाच्या मिठाया तिथे आत जाऊ देत नाहीत. त्या भावाला तिथल्याच दुकानातून आणून ठेवायला सांगा.